ओसरत्या पाण्याच्या काठी

महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावणारी कृष्णा ही सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांची जीवनवाहिनी होय. वाईच्या घाटांना स्पर्श करून ती पुढे निघते आणि वाटेत माहुलीस वेण्णा, कऱ्हाडास कोयना व हरिपुरास वारणा या नद्यांना आपल्यात सामावून घेते. या तिन्ही नद्या सह्याद्रीच्या पावसावर पोसलेल्या आहेत. परंतु कृष्णेला डाव्या हाताकडून, कोरडवाहू मुलुखातूनही एक नदी येऊन मिळते. तिचे नाव येरळा. खटाव तालुक्याच्या उत्तरेकडील डोंगरांत ती जन्म घेते, वडुजाजवळून वाहत सांगली जिल्ह्यात शिरते आणि ब्रह्मनाळ येथे कृष्णेत विलीन होते.

या दोन नद्यांच्या स्वभावांत मोठे अंतर आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या खटाव-माणच्या माळावर तो जेमतेम पाचशे मिलिमीटरांच्या घरात असतो. म्हणून पुष्य-आश्लेषा नक्षत्रांवर कृष्णा दुथडी भरून वाहत असता येरळेच्या पात्रात पुष्कळदा वाळूच चमकत असते. येरळेला पाणी यावयाचे ते बहुधा परतीच्या पावसाने, उत्तरा किंवा हस्त नक्षत्रावर. ते येते तेव्हा लोंढ्याने येते. आणि काही महिन्यांत पुन्हा आटून जाते.

अशा आटणाऱ्या पाण्याकडे पाहून माणसाला खंत वाटते. पाणी टिकावे, वाढावे, हीच त्याची इच्छा. परंतु याच आटत्या, ओसरत्या पाण्याची वाट पाहणारे दुसरेही कोणी आहेत. ते आहेत पाणपक्षी. पाण्याचे येणे त्यांना हवे असते, आणि पाण्याचे जाणेही तितकेच हवे असते. ही गोष्ट ज्याला उमजली त्याला पक्षी कोठे, केव्हा व का येतात, याचे अर्धे उत्तर मिळाले असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पुराने दिलेले देणे

पूर हे माणसावरील मोठे संकट होय. सांगलीस कृष्णेवर १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आहे. तेथे नदीची पातळी मोजतात. ४० फुटांस पाणी पोहोचले की इशारा दिला जातो आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी समजतात. २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात हे पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. शहराच्या पेठा बुडाल्या, नदीकाठची गावे वेढली गेली, माणसे आणि गुरे दगावली. त्या दिवसांच्या आठवणी अजून ताज्या आहेत.

तथापि जो पूर पात्राची मर्यादा फार ओलांडत नाही तो नदीकाठाला पुष्कळ काही देऊनही जातो. तो आपल्याबरोबर गाळ आणतो आणि उतरताना तो काठावर ठेवून जातो. या गाळाच्या जमिनीला मळई म्हणतात. पहिल्या पावसात नदीचे पाणी गढूळ झाले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत व सखल शेतांत शिरतात. हेच ते चढणीचे मासे. उथळ, संथ पाण्यात ते अंडी घालतात. पुढे पाणी ओसरले म्हणजे मोठे मासे नदीत परततात. पण असंख्य पिले खळग्यांत, डबक्यांत व जुन्या ओहोळांत अडकून राहतात. त्या डबक्यांभोवती राखी बगळे, ढोकऱ्या आणि पाणकावळे यांची एकच दाटी उसळते. पुराने जे अन्न विस्तीर्ण भूमीवर पसरून ठेवलेले असते तेच ओसरते पाणी एका जागी गोळा करून देते.

गाळाच्या पोटातही असेच भांडार असते. कुजलेला पाचोळा, शेवाळ आणि गवताची मुळे यांवर किड्यांच्या अळ्या, गांडुळे, गोगलगायी व डोळ्यांना न दिसणारे कितीतरी जीव वाढतात. पाणी खोल असते तोवर हे भांडार कुलूपबंद राहते. पाणी जसजसे मागे सरते तसतशी चिखलाची एकेक ओली पट्टी उघडी पडते आणि पक्ष्यांना रोज नवे ताट वाढले जाते. कोरड्या झालेल्या पट्टीवर गवत उगवते. त्याचे कोवळे कोंब व बी हे आणखी निराळ्या पाखरांचे भक्ष्य होते. पुढच्या वर्षी पाणी आले की तेच गवत कुजून पुन्हा चिखलातील जीवांचे अन्न बनते. अशा रीतीने हे चक्र फिरत राहते.

येरळेच्या खोऱ्यातील तलाव

येरळा व तिला मिळणारे ओढे यांवर माणसाने ठिकठिकाणी बांध घातले आहेत. मायणीचा तलाव चांद नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजी अमदानीत बांधला गेला. येरळेवर येरळवाडीचा जलाशय आहे. जवळच सूर्याचीवाडीचा तलाव आहे. हे सारे तलाव खटाव तालुक्यातले, आणि मायणी तर सांगली जिल्ह्याच्या सीमेला लागूनच आहे. हे तलाव बांधले शेतीसाठी. परंतु सखल, पसरट जमिनीवर पाणी अडविल्यामुळे ते खोल न होता लांबरुंद पसरले. पावसाळ्याच्या शेवटी भरावयाचे आणि हिवाळाभर हळूहळू मागे सरावयाचे, हा नदीकाठच्या पाणथळीचा क्रम या तलावांनीही उचलला. त्यामुळे दुष्काळासाठी प्रसिद्ध असलेला हा मुलूख पाहुण्या पक्ष्यांसाठीही प्रसिद्ध झाला.

तलावाचे पाणी हटू लागले की उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरीही पेरणी करतो. या पेरणीस गाळपेर म्हणतात. ओलाव्यावर व गाळाच्या कसावर हरभऱ्यासारखे पीक चांगले येते. ओसरत्या पाण्यामागून पुढे सरकणारा शेतकरी आणि ओसरत्या पाण्याबरोबर मागे सरकणारा पक्षी, दोघेही एकाच काठावर आपला चरितार्थ शोधीत असतात.

पाय, चोच आणि पाणी

हिवाळ्यातील सकाळी अशा तलावाच्या काठी उभे राहून कोरड्या जमिनीपासून खोल पाण्याकडे नजर नेली, तर पक्षी कसेही विखुरलेले नाहीत हे ध्यानात येते. जणू कोणी त्यांना पाण्याच्या खोलीप्रमाणे रांगेत बसविले आहे.

अगदी कोरड्या काठावर टिटवी तुरुतुरु धावते आणि शेपटी खालीवर हलविणारा धोबी किडे टिपतो. त्यापुढे ओलसर चिखल. तेथे कंठेरी चिखल्या हा चिमणीहून थोडा मोठा पक्षी दिसतो. तो चार पावले धावतो, एकाएकी थबकतो व डोळ्यांनी हेरलेला किडा उचलतो. त्याची चोच आखूड. चिखलाच्या पोटात शिरणे हे तिचे काम नव्हे. ते काम तुतवार करतो. त्याची चोच सडपातळ व लांब असते. चिखलावर पाण्याचा पातळ थर असेल तेथे तो चोचीने टोचे मारीत हिंडतो.

पाणी वीतभर झाले की तुतवाराचे पाय अपुरे पडतात आणि शेकाट्याचे राज्य सुरू होते. त्याचे गुलाबी पाय काटकीसारखे बारीक आणि शरीराच्या मानाने विलक्षण लांब असतात. म्हणूनच त्याला हे नाव पडले. त्याच्या आसपास दर्विमुख हा शुभ्र पक्षी दिसतो. दर्वी म्हणजे पळी. याची चोच टोकाशी पळीप्रमाणे चपटी असते. अर्धवट उघडलेली चोच पाण्यात बुडवून तो मान डावीकडून उजवीकडे फिरवीत चालतो. चोचीच्या आत काही हलल्याचा स्पर्श झाला की ती तत्क्षणी मिटते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसला तरी त्याचे काम अडत नाही.

याहून थोड्या अधिक खोल पाण्यात उतरतो तो रोहित. यालाच अग्निपंख असेही म्हणतात. लांब पाय, लांब मान, गुलाबी झाक असलेले शरीर आणि पंख उघडताच दिसणारा अग्नीसारखा रंग, यांमुळे तो साऱ्यांचे लक्ष वेधून घेतो. त्याची चोच मधोमध वाकलेली असते. ती तशी का, हे तो खाऊ लागला म्हणजे कळते. रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो, म्हणजे वरची चोच खाली जाते. मग जिभेने पाणी आत ओढून बाहेर टाकण्याची क्रिया तो अतिशय जलद करतो. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. त्यांतून पाणी निघून जाते आणि सूक्ष्म जीव व शेवाळ आत राहते. या अन्नात असलेल्या रंगद्रव्यामुळेच त्याच्या पिसांना गुलाबी रंग येतो. त्याची पिले जन्मतः करडी असतात. हा रंग त्यांना वाढत्या वयाबरोबर चढतो.

रोहित पोहू शकतो. तथापि त्याचे पोट भरते ते प्रामुख्याने उथळ पाण्यात, पाय टेकवून तळ ढवळता येईल अशा जागी. म्हणून तलाव काठोकाठ भरलेला असता तो क्वचितच थांबतो. पाणी उतरून उथळ झाले म्हणजे मग त्याचे थवे उतरू लागतात.

त्यापलीकडे बदकांची वस्ती. थापट्या आपली रुंद चोच पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवून पाणी गाळीत जातो. तलवार बदक डोके पाण्यात व शेपूट आकाशाकडे अशा उलट्या स्थितीत तळाशी असलेल्या वनस्पतींपर्यंत मान पोहोचविते. मधल्या खोल पाण्यात पाणकावळा बुडी मारून माशाचा पाठलाग करतो. त्याची पिसे भिजतात, म्हणून बाहेर आल्यावर तो खडकावर पंख पसरून वाळवीत बसतो. या सर्वांच्या डोक्यावर कवड्या खंड्या एकाच ठिकाणी पंख फडफडवीत हवेत थांबतो आणि दगड पडावा तसा माशावर झेपावतो.

एकाच तलावात इतके पक्षी एकत्र नांदतात, तरी त्यांच्यात भांडणे फारशी होत नाहीत. कारण प्रत्येकाचे पान निराळे वाढलेले असते. मात्र ही सर्व पाने वाढली जावीत यासाठी तलावाला कोरडा काठ, ओला चिखल, वीतभर पाणी आणि खोल पाणी असे सारे थर असावे लागतात. ते थर पाण्याच्या चढण्या-उतरण्यातूनच निर्माण होतात.

दूरचे पाहुणे

या पक्ष्यांपैकी टिटवी, ढोकरी, पाणकावळा हे बारमाही रहिवासी होत. परंतु पुष्कळसे पक्षी हिवाळ्याचे पाहुणे असतात. त्यांच्या येण्याचाही एक क्रम आहे. श्रावण सरता सरता पहिले तुतवार चिखलावर दिसू लागतात. भाद्रपद-आश्विनात धोबी येतो. दिवाळीच्या सुमारास बदकांचे थवे उतरतात आणि मार्गशीर्षाच्या थंडीत त्यांच्या मागून पट्टकादंब येतात.

पट्टकादंब हा हंसाच्या जातीचा पक्षी. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे पट्टे असतात. त्यावरून त्याला हे नाव मिळाले. लडाख, तिबेट व मंगोलिया येथील उंचावरील सरोवरांच्या काठी तो उन्हाळ्यात घरटी करतो. तेथे बर्फ पडू लागले की हिमालय ओलांडून तो दक्षिणेकडे येतो. काही पट्टकादंबांच्या अंगावर लहानशी यंत्रे बसवून उपग्रहांच्या साहाय्याने त्यांचा माग काढण्यात आला, तेव्हा सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरूनही ते उडाल्याची नोंद मिळाली. इतक्या उंचीवर हवा अत्यंत विरळ असते. या पक्ष्याचे रक्त विरळ हवेतूनही पुरेसा प्राणवायू शोषून घेऊ शकते, म्हणून हा प्रवास त्यास साधतो. खटावच्या माळावर पोहोचल्यावर तो दिवसा तलावाच्या काठी विसावतो आणि गवत व पिकांचे कोवळे कोंब खुडून आपली भूक भागवितो.

चक्रवाकही उत्तरेकडील उंच प्रदेशातून येतो. नारिंगी-तपकिरी रंगाचा हा पक्षी बहुधा जोडीने राहतो. दिवसा एकत्र असलेले हे जोडपे रात्री एकमेकांपासून दुरावते आणि नदीच्या दोन्ही तीरांवरून एकमेकांस साद घालते, अशी कल्पना संस्कृत कवींनी केली आहे. निरीक्षणाने तिला आधार मिळत नसला, तरी नदीकाठचे पक्षी आपल्या पूर्वजांनी किती आस्थेने पाहिले होते हे तिच्यावरून समजते.

रोहित मात्र हिमालयापलीकडून येणारे नव्हेत. पश्चिम भारतातील रोहितांची मोठी वसाहत कच्छच्या रणात आहे. तेथे चिखलाचे उंचवटे करून त्यांवर ते अंडी घालतात. फाल्गुन-चैत्रात ऊन तापू लागले की सारे पाहुणे एकामागून एक परतू लागतात.

वाळूवरची घरटी

पाहुणे गेले म्हणजे काठ ओस पडतो असे नाही. कृष्णेचे पाणी उन्हाळ्यात उतरते आणि पात्रात वाळूची बेटे उघडी पडतात. या बेटांवर नदी सुरय आणि आर्ली हे पक्षी अंडी घालतात. त्यांना घरटे बांधण्याची यातायात ठाऊक नाही. वाळूत पायाने केलेला लहानसा खळगा त्यांना पुरेसा होतो. अंड्यांचा रंग वाळूसारखा आणि त्यांवर ठिपके. त्यामुळे दोन हातांवरूनही ती ओळखू येत नाहीत. भर उन्हात वाळू तापली की पालक पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात व अंड्यांवर बसून त्यांना गारवा देतात. टिटवीही असेच करते.

टिटवीने नदीच्या पात्रात सखल जागी अंडी घातली तर त्या वर्षी पाऊस कमी, आणि उंच जागी घातली तर पाऊस भरपूर, असा समज खेड्यापाड्यांतून आढळतो. हा समज शास्त्राच्या कसोटीला उतरलेला नाही. परंतु पक्ष्याचे घरटे आणि पाण्याची पातळी यांचा निकटचा संबंध आहे, हे मर्म त्यात आहेच. वरच्या धरणातून अवेळी पाणी सुटले तर वाळूवरची सारी अंडी एका रात्रीत वाहून जातात.

पाहण्याची रीत

पक्षी पाहणे ही एक विद्या आहे. तिला भांडवल थोडे लागते, पण धीर फार लागतो. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास यासाठी उत्तम. सूर्य पाठीशी असावा, म्हणजे रंग स्पष्ट दिसतात. कपडे मातीच्या किंवा पानांच्या रंगाचे असावेत. पावले हळू टाकावीत, बोलणे टाळावे. दुर्बीण असल्यास चांगलेच. नसल्यास काठावर स्वस्थ बसून राहावे. थोड्या वेळाने पक्षी माणसाला विसरतात.

पक्ष्याचे नाव ठाऊक नसले तरी बिघडत नाही. त्याचा आकार, चोचीची लांबी, पायांचा रंग, चालण्याची ढब आणि मुख्यतः तो किती खोल पाण्यात उभा आहे, हे वहीत टिपावे. तारीख, वेळ, स्थळ व पाण्याची स्थिती लिहावी. एका दिवसाची नोंद ही केवळ आठवण होय. पण त्याच जागेच्या दहा वर्षांच्या नोंदी म्हणजे त्या भूमीचा इतिहास होतो. १९८७ पासून आशियात दरवर्षी जानेवारी महिन्यात पाणपक्ष्यांची गणना केली जाते. तीत शास्त्रज्ञांबरोबर हौशी निरीक्षकही भाग घेतात.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा व १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. सालिम अलींनी भारतीय पक्ष्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास घडविला. चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. त्यांनी संस्कृत ग्रंथांतून, आदिवासींच्या व खेडुतांच्या बोलींतून पक्ष्यांची नावे वेचली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. पक्ष्याचे नाव आपल्या भाषेत असले म्हणजे तो परका राहत नाही, हे त्यांच्या कार्याने दाखवून दिले.

माणसाची गरज आणि पक्ष्यांचा काठ

खटाव-माणचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यासाठी आसुसलेला आहे. टेंभू, जिहे-कठापूर यांसारख्या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी आता या कोरडवाहू भागाकडे वळविले आहे. उजाड माळावर हिरवी पिके डोलू लागली, तर त्याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. जो तलाव हिवाळ्यातही काठोकाठ भरलेला राहील, त्याचा चिखल उघडा पडणार नाही. चिखल नाही तर तुतवार नाही. उथळ पाणी नाही तर रोहित नाही. पाणी डोळ्यांसमोर भरपूर असेल, आणि तरीही पक्षी नसतील.

याचा अर्थ शेतकऱ्याला पाणी देऊ नये असा नव्हे. माणसांचे घसे कोरडे ठेवून पक्षी राखता येणार नाहीत, आणि तसे करणे न्यायाचेही होणार नाही. परंतु जेथे अनेक तलाव जवळजवळ आहेत, तेथे एखाद्या तलावाची पातळी हिवाळ्यात क्रमाने उतरू देणे, निदान त्याची एक बाजू उथळ राखणे, हे पाण्याचे नियोजन करणाऱ्यांना अशक्य नाही. पाणी केव्हा व किती सोडावे याच्या हिशेबात शेती, पिण्याचे पाणी यांच्याबरोबर वाळूवरच्या अंड्यांचाही एक रकाना असावा, एवढेच मागणे आहे.

दुसरा धोका वाळूच्या उपशाचा. वाळू ही नदीच्या अंगावरील केवळ मळी नव्हे. ती पाणी धरून ठेवते, सावकाश झिरपू देते. ती खरवडून नेली की पात्रात खड्डे पडतात, काठच्या विहिरी लवकर आटतात आणि सुरयाला अंडी घालावयास जागा उरत नाही. येथे मात्र शेतकऱ्याचे व पक्ष्याचे हित एकच आहे. तिसरा धोका पाहणाऱ्याकडूनच संभवतो. जवळून छायाचित्र घ्यावे या मोहाने थव्याला वारंवार उडविले, तर हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराची साठविलेली शक्ती वाया जाते. पक्षी पाहावयास गेलेल्या माणसामुळे एकही पक्षी उडू नये, हीच उत्तम निरीक्षकाची खूण.

पाणथळ जागांचे महत्त्व जगाने ओळखले त्यास फार काळ लोटलेला नाही. इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला; १९८२ मध्ये भारत त्यात सामील झाला. गोदावरीवरील नांदूर-मध्यमेश्वर ही या करारान्वये मान्यता पावलेली महाराष्ट्रातील पहिली पाणथळ होय. तीही नदीवर घातलेल्या बंधाऱ्यामुळे, गाळ साचून तयार झालेली आहे. येरळेच्या खोऱ्यातील मायणी परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव म्हणून घोषित करण्यात आले. कागदावरील हे संरक्षण काठावर उतरविणे, हे मात्र काठावरच्या माणसांचेच काम आहे.

नदीचे वैभव केवळ तिच्या भरलेल्या पात्रात नसते. ती जेथवर पसरली आणि जेथून हळूहळू मागे सरली, तो सारा ओला प्रदेश तिचाच असतो. त्या प्रदेशात मळई पिकते, गाळपेर हिरवी होते आणि मंगोलियातून आलेला पक्षी खटावच्या चिखलावर विसावतो. त्यासाठी नदीला भरण्याइतकीच ओसरण्याचीही मोकळीक असली पाहिजे.

स्वाध्याय

१. कृष्णा व येरळा या नद्यांना पाणी येण्याच्या काळात फरक का पडतो?

२. ‘ओसरते पाणी पक्ष्यांना रोज नवे ताट वाढते’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. पुढील पक्ष्यांच्या चोचींचा त्यांच्या खाण्याच्या रीतीशी संबंध सांगा : कंठेरी चिखल्या, दर्विमुख, रोहित, थापट्या.

४. तलाव वर्षभर काठोकाठ भरलेला राहिल्यास काय घडेल? शेतकऱ्याचे व पक्ष्यांचे हित कसे साधता येईल? आपले मत लिहा.

५. आपल्या गावाजवळील नदी, ओढा किंवा तलाव यांच्या काठी दर पंधरा दिवसांनी जाऊन पाण्याची पातळी व दिसलेले पक्षी यांची नोंद वर्षभर ठेवा.